पाच लाखांचे पाच रुपये

आमच्या सोसायटीत सध्या चार लखपती आहेत. फक्त पैसे यायचे बाकी आहेत.

तळमजल्यावरच्या अण्णांकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे, त्याचे पाच लाख. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे ट्रॅक्टरची पाचाची नोट आहे, तिचे दोन लाख. समोरच्या विंगमधल्या एका गृहस्थांकडे 786 आकड्याची नोट आहे. तिचे किती ते सांगत नाहीत, पण हल्ली लिफ्टमध्ये दुसरं कोणी शिरलं की त्यांचा हात आपोआप खिशावर जातो. चौथा आमचा वॉचमन. त्याच्याकडे गेंड्याचे चार आणे आहेत. चौघांपैकी तो एकटाच अजून वेळेवर कामाला येतो.

ही सगळी श्रीमंती फोनवरून घरात आली. बारा मिनिटांचा व्हिडिओ असतो. पहिल्या मिनिटाला नाणं दिसतं, पुढची दहा मिनिटं एक आवाज त्याची किंमत वाढवत नेतो आणि शेवटच्या मिनिटाला चॅनल सबस्क्राइब करायला सांगतो. विकत घेणाऱ्याचं नाव, गाव, तोंड यातलं काहीही दिसत नाही. असल्या नाण्यांवर खात्रीने पैसे मिळवणारा एकच इसम मला ठाऊक आहे, आणि तो म्हणजे व्हिडिओ करणारा. पण हे अण्णांना सांगायची सोय नाही. "अहो, जाहिरातीत स्वच्छ पाच लाख लिहिलंय," ते म्हणतात. लिहिलंय खरं. उद्या मी आमच्या गॅलरीतल्या तीनपायी खुर्चीवर दहा लाखांची चिठ्ठी लावली, तर तेही स्वच्छच लिहिलेलं असेल. भाजीवालीने साठ म्हटलं की तिला तीस द्यायचे, हे ज्यांच्या रक्तात आहे, ते अण्णा नाण्याच्या बाबतीत मात्र सांगितलेला पहिला भाव पवित्र मानतात. कारण इथे ते गिऱ्हाईक नाहीत, भाजीवाले आहेत.

वैष्णोदेवीचं नाणं निघालं 2012 साली, श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त. पाचाचंही आणि दहाचंही. सरकारने ते तुमच्या-माझ्या व्यवहारासाठीच पाडलं आणि ते बाजारात रीतसर फिरलं. दूधवाल्याने अण्णांना ते सुट्टे म्हणून दिलं, यातच सगळं आलं. पाच लाखांची वस्तू दूधवाल्याच्या गल्ल्यातून अर्ध्या लिटरच्या पिशवीबरोबर घरपोच येते, असा अर्थव्यवहार अजून कुठल्या देशात सुरू झालेला नाही. "त्याला ठाऊक नव्हतं हो," अण्णा म्हणतात आणि तेव्हापासून दूधवाल्याशी जरा जास्तच गोड बोलतात.

पुढचा अंक फोनचा. "सर, आपलं नाणं आम्ही पक्कं केलं आहे. पेमेंट तयार आहे. फक्त नोंदणीचे दोन हजार भरा." ते भरले की जीएसटी निघतो. जीएसटी भरला की रिझर्व्ह बँकेचं ना-हरकत प्रमाणपत्र निघतं. त्यावर शिक्का, शिक्क्यावर सही, आणि सहीचेही पैसे. या प्रकाराचा इतका बभ्रा झाला, की 4 ऑगस्ट 2021 रोजी रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून सांगितलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आमचा काही संबंध नाही, त्यासाठी आम्ही शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि आमच्या वतीने घ्यायला कोणाला नेमलेलंही नाही. मी ते पत्रक अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "असंच म्हणणार ते. त्यांना स्वतःलाच हवी असतील ना नाणी!" नाणी सोडायचं काम जिच्याकडे आहे, तिला नाण्यांचा तुटवडा भासून ती अण्णांच्या डब्यावर डोळा ठेवून बसली आहे, हे चित्र मला अजून झोपेत दिसतं.

आता याच अण्णांची दुसरी बाजू सांगतो. गेल्या आठवड्यात भाजीवालीने त्यांना सुट्ट्यांत दहाचं नाणं दिलं. अण्णा दोन पावलं मागे सरकले. "हे चालत नाही," म्हणाले. भाजीवाली म्हणाली, "मला तुमच्यासारख्याच एका काकांनी दिलंय, ते चाललं की." मग तिथे रेघा मोजायचा कार्यक्रम झाला. दहा रेघांचं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं, असा एक समज महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरही पक्का बसलेला आहे. खरी गोष्ट साधी आहे. दोन धातूंचं दहाचं नाणं 2009 मध्ये व्यवहारात आलं, तेव्हा रुपयाचं आजचं चिन्ह अस्तित्वातच नव्हतं. ते 2010 च्या जुलैत ठरलं आणि पुढच्या वर्षापासून नाण्यांवर आलं. चिन्ह आलं तसा नक्षीत बदल झाला, रेघा कमी झाल्या. जुनीही खरी, नवीही खरी. जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं, की दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले चौदाही नमुने वैध आहेत. 14440 या क्रमांकावर मिस्ड कॉल द्या, आम्ही उलट फोन करून तुमची खात्री पटवू, इथवर तयारी दाखवली. आपल्या चलनावर लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून मध्यवर्ती बँक घरोघर फोन करते आणि लोक दहाचं नाणं दोन बोटांत उलटसुलट करून "नको, नोट द्या," म्हणतात.

माझा मुद्दा इतकाच आहे. पाचाचं नाणं पाच लाखांचं आहे, यावर ज्याचा विश्वास आहे, त्याचा दहाचं नाणं दहा रुपयांचं आहे यावर विश्वास नाही. नाण्यावर छापलेली असते तेवढी त्याची किंमत नसते, याबाबत आपला समाज ठाम आहे.

मग सुट्ट्या पैशांत खरोखर काही सापडतं की नाही? सापडतं. पण त्यासाठी बघायची जागा निराळी. आपण बघतो नाण्यावरचा देव, पुढारी, गेंडा आणि ट्रॅक्टर. जाणकार बघतो सालाच्या खाली. भारतात आज टांकसाळी चार. सालाखाली हिऱ्यासारखा बारीक चौकोन असला तर नाणं मुंबईचं, तारा असला तर हैदराबादचं, टिंब असलं तर नोएडाचं. काहीच नसलं तर कोलकात्याचं. आपली ओळख सांगावी लागते, ही कल्पनाच कोलकात्याला मान्य नसावी. या चारांत पुण्याची टांकसाळ नाही, हे एका अर्थी बरं झालं. त्यांनी चिन्हाच्या जागी "नाणे वाजवून घ्यावे, नंतर तक्रार चालणार नाही" असं कोरलं असतं आणि किंमत लिहायला जागा उरली नसती.

ऐंशीच्या दशकात सुट्ट्यांची अशी टंचाई झाली, की आपल्या टांकसाळी रात्रंदिवस चालवूनही भागेना. तेव्हा सरकारने नाणी परदेशातून पाडून आणली. 1985 च्या रुपयावर सालाजवळ बारीक इंग्रजी 'एच' दिसला तर तो बर्मिंगहॅमचा, त्याच सालच्या चार आण्यांवर 'सी' दिसला तर ते कॅनडातल्या ओटावाचे. आठ आणे कोरियातून आले. पुन्हा नव्वदच्या दशकाअखेर टंचाई झाली, तेव्हा मेक्सिको, मॉस्को, दक्षिण आफ्रिकेतलं प्रिटोरिया आणि स्लोव्हाकियातलं क्रेम्निका नावाचं गाव, एवढ्यांनी मिळून आपल्याला सुट्टे पुरवले. म्हणजे 1999 चं पाचाचं एखादं नाणं मॉस्कोत जन्माला येतं, एवढा प्रवास करून आपल्या एसटी कंडक्टरच्या पिशवीत पडतं आणि शेवटी इगतपुरीच्या स्टँडवर वड्यावर खर्च होतं. त्याला बघायला कोणी थांबत नाही, कारण त्यावर देव नाही.

हे मी अण्णांना शिकवलं, ही माझ्या शांततेच्या दृष्टीने चांगली गोष्ट झाली नाही. आता ते भिंग घेऊन बसतात. रोज रात्री साडेनऊला फोन येतो, "अहो, हा तारा आहे की टिंब?" फोनवर मी काय सांगणार? झिजलेला तारा टिंबच दिसतो, आणि वरणाचा डाग बसलेलं टिंब हिऱ्यासारखं दिसतं. शिवाय अण्णांना एकदा मेक्सिको सापडल्यापासून ते हैदराबादवर समाधानी नसतात. "मेक्सिकोचे किती येतील?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. चांगल्या, न झिजलेल्या नाण्याचे आलेच तर एका मिसळीचे येतील, पाव जास्तीचा सांगू नका, असं मी सांगितलं. ते नाराज झाले. पण भाव एवढाच, कारण ही नाणीदेखील आणवली होती ती टंचाई भागवायला, मूठभर नव्हे.

इथेच सगळी मेख आहे. लंडनला राहणारा माझा मावसभाऊ दुकानातून मिळालेले सुट्टे रोज तपासतो, आणि तो वेडा नाही. तिकडे 2009 साली क्यू गार्डन्सचं पन्नास पेन्सचं एक नाणं निघालं, ते अवघं 2 लाख 10 हजार पाडलं गेलं. ज्याला ते चहाच्या सुट्ट्यांत मिळालं, त्याने खरंच चार पैसे मिळवले. आपल्याकडे एक-एक नाणं कोटींच्या हिशेबात पाडतात. एवढ्या प्रजेच्या देशात दोन लाख नाणी म्हणजे एखाद्या जत्रेतल्या पाळण्यांना पुरायची नाहीत.

नाण्याची किंमत वाढवणारी दुसरी गोष्ट म्हणजे टांकसाळीची चूक. यंत्रात आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं, तर पुढच्या चकतीच्या एका बाजूला तेच चित्र उलटं आणि खोलगट उमटतं. चकती साच्याखाली सरकली, तर अर्धं नाणं कोरं आणि अर्ध्यावर अशोकस्तंभाचे दीड सिंह. कधी एका नाण्याचा पुढचा साचा आणि दुसऱ्याच नाण्याचा मागचा साचा यांची गाठ पडते. असं नाणं तपासनिसाच्या नजरेतून सुटलं, तर संग्राहक त्यासाठी धावतात, आणि त्यात तथ्य आहे. तपासायची एक सोपी युक्ती सांगतो. आपलं नाणं छाप बाजू सरळ धरून डावी-उजवीकडे फिरवलं, तर मागची बाजूही सरळच दिसायला हवी. ती वाकडी किंवा उलटी दिसली, तर साचा फिरला होता असं समजावं आणि ते नाणं वड्यावर घालवू नये.

पण टांकसाळीची चूक आणि टांकसाळीबाहेरची करामत यांत फरक आहे. आमच्या बिल्डिंगमधली कार्टी डोंबिवलीच्या रुळांवर नाणं ठेवून लोकल जाऊ देत आणि मग चपटं नाणं मिरवत. असली नाणीही आता 'मिस प्रिंट, अतिदुर्मिळ' म्हणून विकायला निघाली आहेत. जाता जाता सांगायला हवं, की 2011 च्या नाणे कायद्याप्रमाणे नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं हा गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. त्या हिशेबाने आमच्या पिढीतले निम्मे लोक आज आत असायला हवे होते. आणि उरलेले निम्मे आहेराच्या पाकिटावर एक रुपयाचं नाणं गोंदाने चिकटवणारे. लग्नानंतरच्या दुपारी नवरा-नवरी पहिल्यांदा एकत्र बसून काय करतात, तर सुरीच्या टोकाने पाकिटांवरचे रुपये खरवडतात. त्या खरवडीत कोणती टांकसाळ गेली ते कोण सांगणार!

कायद्याला घाबरून थांबले नाहीत ते ब्लेडवाले. 1992 मध्ये आलेलं जाडजूड पाचाचं नाणं आठवत असेल. ते तांबं आणि निकेलच्या मिश्रणाचं. ती नाणी चोरून बांगलादेशात जातात आणि वितळवून त्यांची दाढीची पाती होतात, अशा बातम्या वर्षानुवर्षं येत होत्या. एका नाण्याच्या धातूची जेवढी पाती होत, त्यांचे पाच रुपयांपेक्षा जास्त येत. पुढे सरकारने पाचाचं नाणं स्टीलचं केलं. नाण्यातून खरोखर नफा काढला तो एवढ्याच लोकांनी, आणि तोही त्यावरचं चित्र न बघता.

चित्रांचा विषय निघालाच आहे, तर आपल्या सरकारच्या विनोदबुद्धीलाही दाद द्यायला हवी. 2007 मध्ये नृत्यातल्या हस्तमुद्रांची मालिका निघाली. दोनाच्या नाण्यावर दोन बोटं, पन्नास पैशांवर मूठ आणि एक रुपयावर आंगठा. नृत्यशास्त्रात त्या मुद्रेला शिखर म्हणतात. पण आमच्या वाण्याने तो रुपया पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा नृत्य त्याच्या मनात आलं नाही. "सरकारने ठेंगा दाखवला," म्हणाला आणि गल्ल्यात टाकला. त्याच्या आधीच्या 'अनेकतेत एकता' मालिकेतल्या आडव्या-उभ्या रेघांत काहींना क्रूस दिसला होता, त्यावर बरीच ओरड झाली. बाकी दोनाचं आणि एकाचं नाणं ओळखण्याबद्दल मी बोलत नाही. 2011 च्या मालिकेतलं दोनाचं नाणं 25 मिलिमीटरचं, आणि त्याआधी बारा-तेरा वर्षं चाललेला एक रुपयाही 25 मिलिमीटरचाच. अंधारात रिक्षावाल्याच्या हातात आपण काय ठेवलं ते त्यालाच ठाऊक, आणि तो सांगत नाही.

मराठी माणसाने आपल्या डब्यात शोधावीत अशी काही नाणी मात्र नक्की आहेत, आणि त्यात पैशाचा संबंध नाही. 1999 मध्ये दोन रुपयांवर छत्रपती शिवाजी महाराज आले. त्याच साली एक रुपयावर संत ज्ञानेश्वर आले. 2002 मध्ये एक रुपयावर तुकोबा. सावकारीची कागदपत्रं ज्या माणसाने इंद्रायणीत बुडवली, त्याला आपण रुपयावर बसवलं. 2007 मध्ये पाचाच्या नाण्यावर लोकमान्य टिळक आले. ही सगळी नाणी तुमच्या-माझ्या हातून गेली आहेत. ज्ञानोबा पानवाल्याकडे आणि तुकोबा पार्किंगवाल्याकडे गेले, आणि आपल्याला पत्ता लागला नाही.

महाराजांनी स्वतः पाडलेल्या नाण्यांची गोष्ट निराळी. राज्याभिषेकाच्या वेळचा सोन्याचा होन हे प्रत्येक संग्राहकाचं स्वप्न, आणि तांब्याची शिवराई हा प्रत्येक जुन्या बाजाराचा चारा. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जा. एका फडक्यावर शिवराई नाण्यांचा ढीग असतो. शिवराई महाराजांनंतरही पेशवाईपर्यंत आणि पुढेही पाडली जात होती. त्यामुळे खरी शिवराई मिळणं अशक्य नाही, आणि खोटी मिळणं तर अगदीच सोपं. विकणारा छातीवर हात ठेवून सांगतो, "साहेब, ही खुद्द महाराजांच्या वेळची." तिच्यावर दोन आडव्या दांड्या असल्या तर जाणकार तिला दुदांडी म्हणतात आणि पेशवाईत नेऊन ठेवतात. विकणाऱ्याला हे सांगितलं की तो म्हणतो, "मग पेशवाईतली घ्या, भाव तोच आहे." नाणी शिकायची असतील, तर नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर अंजनेरीला भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे, आणि मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे. दोन्हीकडे तुमच्या नाण्याचे पाच लाख कोणी देणार नाही. त्या एका कारणासाठीही जावं.

खरा पैसा असलाच तर तो खिशात नाही, आजीच्या पेटीत असतो. राणीछाप आणि राजाछाप चांदीचे रुपये लक्ष्मीपूजनाला बाहेर येतात आणि पुन्हा आत जातात. तो रुपया एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा, आणि त्यात शंभरात जवळजवळ ब्याण्णव भाग चांदी. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली आणि 1947 मध्ये तर रुपया निकेलचा झाला. म्हणून 1939 चा सहाव्या जॉर्जचा पूर्ण चांदीचा रुपया संग्राहक जीव टाकून शोधतात. त्याच्या नकलाही तितक्याच जीव टाकून केल्या जातात. चुंबक चिकटलं तर ती चांदी नव्हे, एवढी परीक्षा घरी करता येते. चिकटलं नाही म्हणून ती चांदीच, असं मात्र समजू नये. जर्मन सिल्व्हरलाही चुंबक चिकटत नाही.

या पेटीतला माझा सगळ्यात लाडका रुपया 1911 चा. पंचम जॉर्जच्या अंगावरच्या राजवस्त्रात एक बारीक हत्ती कोरलेला होता. कोरणाऱ्याने त्याची सोंड अशी आखूड ठेवली, की लोकांना तो डुक्कर दिसला. मुसलमान समाजात संताप झाला, कुजबुज वाढली, आणि साम्राज्यावर सूर्य न मावळणाऱ्या सरकारची एका सोंडेने पाचावर धारण बसली. सुमारे 94 लाख रुपये पाडले होते, त्यातले सातेक लाखच बाहेर गेले होते. बाकीचे वितळवले. 1912 च्या रुपयावर सोंड आणि कान इतके ठसठशीत कोरले, की आंधळ्यालाही हत्ती लागावा. इतिहासात हत्तीच्या सोंडेमुळे चलन मागे घेतल्याचं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

पेटी उघडायचीच असेल, तर एक कळकळीची विनंती. नाणं घासू नका. आपल्या घरात काळवंडलेली वस्तू दिसली, की बायकांचे हात शिवशिवतात. दिवाळीच्या आदल्या दिवशी चिंच, मीठ, राख यांनी समई, तांब्या आणि पंचम जॉर्ज एकाच पंक्तीत घासले जातात. घासलेला रुपया आरशासारखा चकाकतो आणि संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत चांदीच्या वजनाएवढी उरते. वर्षांनी चढलेला तो काळसर थर म्हणजेच नाण्याचा जन्मदाखला. तो पुसला, की नाणं खरं असून निराधार होतं.

आणि अंगणात खणून काही शोधायच्या विचारात असाल, तर 1878 चा गुप्तधनाचा कायदा वाचून घ्या. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं, तर कलेक्टरला कळवणं बंधनकारक आहे. अण्णांनी विचारलं, "आणि दहा रुपयांचं नाणंच सापडलं तर?" जास्त किमतीचं असायला हवं, मी म्हणालो, आणि दहाचं तर तुम्ही तसंही घेत नाही.

गेंड्याचे चार आणे बाळगणाऱ्या आमच्या वॉचमनसाठीही एक बातमी आहे. 30 जून 2011 पासून चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. याचा खरा फटका बसला तो धर्माला. सव्वा रुपया हा आपल्या प्रत्येक शुभकार्याचा पाया, आणि आता सव्वा रुपया कायदेशीर नाण्यांत देताच येत नाही. ओटीत, देवापुढे, गुरुजींच्या हातावर सव्वा द्यायचा तर वरचे चार आणे आणायचे कुठून? गुरुजींनी हा पेच फार लवकर सोडवला. ते आता एकशे पंचवीस म्हणतात.

पन्नास पैसे मात्र आजही चालतात. रिझर्व्ह बँकेने ते बंद केलेले नाहीत, आणि नाणे कायद्याप्रमाणे दहा रुपयांपर्यंतची रक्कम तुम्ही पन्नास पैशांच्या नाण्यांत देऊ शकता. तेव्हा वाचकहो, डबा काढाच. त्यात एखादं पन्नास पैशांचं नाणं सापडलं, तर ते विकायची जाहिरात देऊ नका, ते घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जा. कुरकुर न करता, बदल्यात गोळी पुढे न करता, त्याने ते नाणं घेतलं, तर त्या दुकानाचा पत्ता मला कळवा. नाणी रगड आहेत. असा दुकानदार माझ्या संग्रहात नाही.